आधी बाहेरचे श्वास

माणूस मरतो तो श्वास संपले म्हणून नव्हे, ते चुकीच्या क्रमाने संपवले म्हणून, असं ठामपणे मानणारा एकच माणूस मला माहीत आहे आणि तो आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहतो. त्यांना नाव आहे, दारावरच्या पाटीवर ते लिहिलेलंही आहे, पण आमच्या घरात ते 'खालचे काका'. नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, त्यांनी सगळी नोकरी काढली. निवृत्त झाल्यावर लोक कुंडीत कढीपत्ता लावतात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतात, नाहीतर गुडघ्यांसाठी डॉक्टर बदलत राहतात. खालचे काका क्रम लावतात. चपला आधी काढायच्या की हातातली पिशवी आधी ठेवायची, चहात आलं आधी की साखर आधी, कुणाच्या वाढदिवसाला गेल्यावर शुभेच्छा आधी की पाकीट आधी, या प्रत्येक प्रश्नाला जगात एकच बरोबर उत्तर आहे आणि ते त्यांच्याकडे आहे. उरलेली मानवजात त्यांच्या मते अडाणी नाही, आळशी आहे. 'लोक मोजत नाहीत,' ते म्हणतात. हे वाक्य ते ज्या दुःखाने उच्चारतात, तेवढ्या दुःखाने आमच्या सोसायटीत कुणी वारल्याची बातमीसुद्धा सांगितली जात नाही.

हे सगळं आलं एका खेळातून. गो नावाचा हा खेळ आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. काकांनी थोडक्यात सांगितलेलं मी कधी ऐकलेलं नाही. पटावर उभ्या-आडव्या रेघा असतात. रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे एकाने काळी सोंगटी ठेवायची, दुसऱ्याने पांढरी. एकदा ठेवलेली सोंगटी हलत नाही. तिच्या शेजारच्या मोकळ्या जागा म्हणजे तिचे श्वास. शत्रूने त्या सगळ्या भरल्या की ती गुदमरते आणि तिला उचलून पटाबाहेर ठेवतात. आता कधीकधी असं होतं, की काळ्यांचा एक घोळका आणि पांढऱ्यांचा एक घोळका एकमेकांना असे घेरून बसतात, की दोघांनाही पळायला वाट उरत नाही. कोण कुणाचे श्वास आधी संपवतो, एवढाच प्रश्न राहतो. याला जपानीत काहीतरी छान नाव आहे. काका त्याला 'गचांडी' म्हणतात. गचांडीत काही श्वास फक्त शत्रूचे असतात, बाहेरच्या बाजूचे. आणि काही मधले असतात, दोघांचे सामाईक. सामाईक जागा भरली की शत्रूचा श्वास जातो, पण त्याच वेळी आपलाही जातो. म्हणून आधी बाहेरचे भरायचे आणि सामाईक सगळ्यात शेवटी. झालं. हे कळायला साधारण बुद्धीच्या माणसाला एक कप चहा पुरतो. काकांनी यावर आयुष्य काढलं आहे.

कंपनीने कधीकाळी एक नवीन मशीन घेतलं, तेव्हा ते शिकून यायला काकांना काही महिने जपानला पाठवलं होतं. तिथल्या फोरमनने जेवणाच्या सुट्टीत त्यांना हा खेळ शिकवला. भाषा येत नसल्यामुळे काकांना तिथे गप्प बसावं लागलं, आणि माझा असा संशय आहे की त्या महिन्यांची भरपाई नाशिककर अजून करत आहेत. परत आल्यावर त्यांनी नायलॉनच्या दांड्यांतून लेथवर सोंगट्या कापल्या, काळ्या आणि पांढऱ्या, प्रत्येकीची कड हाताने घासून गोल केलेली. पट सागवानी फळीचा, रेघा इतक्या बारीक की जणू फळीला त्या जन्मापासून होत्या. हे सगळं एका खाकी पिशवीत राहतं आणि पिशवी काकांच्या खांद्यावर. सोंगट्या खरोखर सुंदर आहेत. हे मी आत्ताच लिहून टाकते, कारण पुढे काकांविषयी फारसं चांगलं लिहायची वेळ येणार नाही.

मी हा खेळ मोबाइलवर शिकले. शिकण्याचं कारण एवढंच, की यात बोलावं लागत नाही. शाळेत मराठी बोललं की मिस रागवायच्या आणि घरी इंग्रजी बोललं की चुलत भावंडं हसायची, तेव्हा कुठेच न बोलणं हा मार्ग मला फार लवकर सापडला होता. फोनवर समोरचा खेळाडू कुठल्यातरी देशात बसलेला असतो, त्याचं तोंड दिसत नाही, आवाज येत नाही, आणि डाव संपला की तो निघून जातो. इतकं सभ्य नातं मला दुसरीकडे मिळालेलं नव्हतं. एकदा लिफ्टमध्ये मी असाच डाव खेळत उभी होते. खालचे काका दुधाची पिशवी घेऊन आत आले. त्यांचा मजला आला, दार उघडलं, मिटलं, ते उतरले नाहीत. माझ्या खांद्यावरून ते फोनमध्ये बघत होते. मी आमच्या मजल्यावर उतरले तसे तेही उतरले, आमच्या दारापर्यंत माझ्यामागून आले आणि म्हणाले, 'सामाईक श्वास आधी भरलास. मेलीस.' इतक्या वर्षांच्या शेजारात ते माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. तेवढ्यात आईने दार उघडलं.

'कोण मेलं?' तिने विचारलं.

'ही,' काका म्हणाले आणि दूध घेऊन जिन्याने खाली गेले.

त्या दिवसापासून मी त्यांची शिष्या झाले, म्हणजे त्यांनी मला केलं. नाही म्हणायला बोलावं लागतं, तेवढं माझ्याने झालं नाही. दर दोन-तीन दिवसांनी काकू वरती हाक मारायच्या, मी खाली जायचे, आणि काका पट मांडून 'या, इंग्लिश मीडियम' असं स्वागत करायचे. माझं नाव त्यांना माहीत असावं, पण त्यांनी ते कधी वापरलं नाही. शिकवण्याची त्यांची पद्धत अशी, की डाव सुरू करायचा आणि लगेच थांबवायचा. 'आता मोज,' असं म्हणून ते स्वतःच मोजू लागत, मोठ्याने, मराठीत. आणि 'एकोणीस'चं मनातल्या मनात नाइन्टीन करेपर्यंत माझा घोळका मेलेला असे. पट कधी पॉलिशला गेला, तर त्यांचं अडत नसे. एका चतुर्थीला त्यांनी जेवणाच्या टेबलावर खडूने रेघा मारून शेंगदाणे आणि मटार मांडले होते आणि दाण्यांचा एक मोठा घोळका मटारांनी कसा घेरला आहे ते मला समजावत होते. काकूंचा साबुदाणा भिजून तयार होता.

'अहो, ते मेलेले दाणे इकडे द्या. कूट करायचाय,' काकू म्हणाल्या.

'मेले नाहीत अजून. दोन श्वास आहेत.'

'मिक्सरमध्ये घातले की जातील.'

'असे नाही जात. आधी बाहेरचा भरावा लागतो.'

काकू माझ्याकडे वळल्या. 'अगं, तू तरी सांग यांना. मी खिचडीसाठी थांबलेय, अंत्यविधीसाठी नाही.'

खिचडी बिनकुटाची झाली. काकांनी ती दोनदा घेतली आणि काहीतरी कमी आहे असं म्हणाले.

घरातल्या घरात हे ठीक होतं. पण काका हे ज्ञान घेऊन लोकांत जात. त्यांच्या मेव्हण्याच्या मुलीचं लग्न गंगापूर रोडच्या एका लॉनवर होतं आणि आम्हालाही आमंत्रण होतं. मुलगा मालेगावकडचा. मुलाच्या मामाला फेटा बांधायला कुणीतरी विसरलं आणि मामा रुसले. मामा रुसले म्हणून वरपक्ष खोलीत जाऊन बसला, वरपक्ष उठून गेला म्हणून वधूपक्षही दुसऱ्या खोलीत जाऊन बसला, आणि बाहेर मांडवात पुरणपोळ्या गार होऊ लागल्या. अशा वेळी घरातलं कुणीतरी वडीलधारं माणूस मध्ये पडतं, दोन गोड शब्द बोलतं, फेटा बांधला जातो आणि पंगत बसते. मेव्हणे तसेच उठायला निघाले होते. काकांनी त्यांचा हात धरला. 'बसा. ही गचांडी आहे,' ते म्हणाले. त्यांचा आवाज टूलरूममध्ये मशिनांच्या वरून बोलून तयार झालेला आहे. 'दोन्हीकडे श्वास सारखे आहेत. जेवण हा सामाईक श्वास. तुम्ही आत्ता जेवायला बोलावलंत तर तुमचाच जाईल. आधी त्यांचे बाहेरचे संपवा. त्यांची बस किती वाजता आहे?'

दोन खोल्यांच्या मध्ये एक कापडी पडदा होता. पलीकडून मामा पडदा सारून आत आले, फेट्याशिवाय, आणि सगळ्यांकडे बघत अहिराणीत म्हणाले, 'हाऊ बाबा कोन शे?'

त्यानंतर दोन्ही पक्षांचं फार लवकर जमलं. काकांना गप्प करण्याच्या कामी मामा आणि मेव्हणे इतके एक झाले, की पंगतीत शेजारी शेजारी बसून त्यांनी एकमेकांना आग्रह केला. काका घरी येताना मला म्हणाले, 'बघितलंस? मिटलं की नाही?' आपल्यामुळे मिटलं हे त्यांचं म्हणणं खरं होतं, फक्त ते कसं, याचा त्यांना पत्ता नव्हता.

गंगापूर रोडलाच, एका बेकरीच्या वर, चहाचं एक लहानसं दुकान आहे. तिथे रविवारी सकाळी आम्ही गो खेळणारे काहीजण जमतो. एक रोहित, जो घरी बसून कुठल्यातरी परदेशी कंपनीचं सॉफ्टवेअर लिहितो आणि फोनवरच्या ॲपला विचारल्याशिवाय कुठल्याही डावावर मत देत नाही. एक सोनवणे मॅडम, ज्या कॉलेजात शिकवतात आणि हरल्या की समोरच्याला बिस्किट देतात. बाकी दोघं-तिघं येऊन-जाऊन. काकांना या बैठकीचा सुगावा कसा लागला मला माहीत नाही, पण एका रविवारी ते खाकी पिशवीसकट जिना चढून वर आले, दोन-तीन पट आणि त्यांवर वाकलेली डोकी बघून दारातच उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, असं सोनवणे मॅडम म्हणतात. मला ते जिन्यातल्या मैद्याच्या धुळीमुळे वाटलं. जपानहून परत आल्यापासून त्यांना जिवंत प्रतिस्पर्धी मिळाला नव्हता, हे मात्र खरं. मी होते, पण मी कशी हरते हे त्यांना पाठ झालं होतं.

काका बरे खेळतात. नुसते खेळले असते तर कुणाची काही तक्रार नव्हती. पण आपला डाव संपला की ते उठत, हात मागे बांधत आणि दुसऱ्यांच्या पटांवरून फिरू लागत, परीक्षेच्या हॉलमधल्या सुपरवायझरसारखे. कुणी चुकीच्या जागी सोंगटी ठेवायला हात पुढे केला की वरून 'च्च' असा आवाज येई. तो आवाज लहान असतो, पण त्याने माणसाचं शिक्षण, संस्कार, घराणं सगळं काढल्यासारखं वाटतं. डाव संपल्यावर तर ते खुर्चीच ओढून घेत. त्यांना माणसांची नावं आठवत नाहीत, पण दोन तासांचा अख्खा डाव पहिल्या सोंगटीपासून पुन्हा मांडता येतो. हरलेल्याला ते दाखवत, की क्रम बदलला असता तर तू जिंकला असतास. जिंकलेल्याला दाखवत, की क्रमाने तू हरायलाच हवा होतास. एक नवीन दंतवैद्य मुलगी आली होती, आयुष्यातला पहिला डाव जिंकल्यामुळे तिने सगळ्यांना चहा सांगितला. चहा येईपर्यंत काकांनी तिचा विजय मोडीत काढला होता. ती पुन्हा आली नाही. रोहितशी तर त्यांची दर आठवड्याला जुंपायची.

'काका, ॲप म्हणतंय दोन्ही क्रम चालतात.'

'चालतात आणि बरोबर असतात, यात फरक आहे.'

'ॲप जगातल्या कुठल्याही माणसाला हरवतं, काका.'

'हरवू दे. ते सांगतं, समजावत नाही.'

'पण आम्हाला समजावून घ्यायचंच नसेल तर?' रोहितने विचारलं. काकांना हा प्रश्न कळला नाही. त्यांना तो विनोद वाटला आणि ते हसले.

मग एका रविवारी, काका यायच्या आधी, रोहितने विषय काढला. फोनवर नवा ग्रुप करायचा, कॉलेज रोडला दुसरी जागा बघायची, आणि काकांना कळवायचं नाही. जुना ग्रुप तसाच पडू द्यायचा, म्हणजे काढून टाकलं असंही होत नाही. आजकाल लोकांना असंच टाकतात, त्यात कुणाचा आवाज चढत नाही. सोनवणे मॅडमना ते पटलं नाही. 'चोरून नको,' त्या म्हणाल्या. 'तोंडावर सांगू या.' 'मग तुम्ही सांगा,' रोहित म्हणाला. 'हिने सांगावं,' मॅडम म्हणाल्या. 'ही त्यांच्या घराच्या वर राहते.' सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं. मला आठवत होतं ते काकूंचं बोलणं. 'शनिवारपासून सोंगट्या पुसत बसतात गं,' त्या मला म्हणाल्या होत्या. 'घेऊन जात जा त्यांना. आठवडाभर मी ऐकते, रविवारी मला सुट्टी दे.' आणि मग, 'त्यांनाही.' हा रविवार गेला तर काकांना नाशकात खेळायला दुसरीकडे कुठेही जागा नव्हती, हे त्या खोलीत फक्त मला नीट माहीत होतं. मी काही म्हणेपर्यंत जिन्यात त्यांची पावलं वाजली.

रोहित तसा सरळ मुलगा आहे. काका समोर आल्यावर त्याला नव्या ग्रुपचं जमलं नाही. तो म्हणाला, 'काका, आज आपण दोघं खेळू. तुम्ही जिंकलात तर तुम्ही बोला, आम्ही ऐकू, कुरकुर नाही. हरलात तर यापुढे दुसऱ्याच्या पटावर एक शब्द नाही. डाव संपल्यावरही नाही. यायचं, खेळायचं, बसायचं.'

काकांनी चष्मा पुसला. 'आणि घरी?'

'घरी काकूंचा प्रश्न.'

'मान्य,' काका म्हणाले आणि खांद्यावरची पिशवी उतरवली. त्यांना जराही राग आलेला दिसला नाही. समोरचा माणूस मोजत नाही आणि आपण मोजतो, तेव्हा आपण हरणं शक्य नाही, असा त्यांचा हिशेब असावा. मी खुर्ची घेऊन पटाच्या बाजूला बसले. खरं सांगायचं तर मला मनापासून वाटत होतं, की रोहितने जिंकावं. एक रविवार तरी मला त्या खोलीत फक्त सोंगट्या टेकल्याचा आवाज ऐकायचा होता.

डाव बराच वेळ बरोबरीत चालला. मग पटाच्या मध्यावर दोन मोठे घोळके एकमेकांत अडकले. काकांचे काळे, रोहितचे पांढरे, आणि दोघांनाही बाहेर पडायला जागा नाही. जो हा घोळका गमावेल तो डाव गमावेल, हे मलाही दिसत होतं. बाकीचे आपापले डाव सोडून भोवती उभे राहिले. मी मोजलं, इंग्रजीत. दोघांचे बाहेरचे श्वास अगदी सारखे होते, मध्ये सामाईक जागा एकच, आणि खेळी रोहितची. म्हणजे त्याने बाहेरून सुरुवात केली तर तो एका श्वासाने जिंकणार होता. सामाईक जागा आधी भरली, तर स्वतःचाच एक श्वास घालवणार होता आणि काका जिंकणार होते. काकांनी हे माझ्या कितीतरी आधी मोजलं असणार. ते खुर्चीत मागे टेकून छताच्या पंख्याकडे बघत होते, पटाकडे बघितलं तर आपल्या नजरेवरून रोहितला कळेल म्हणून.

रोहितने मोजलं नाही. ती मधली जागा दिसायला फार मोहाची होती, बरोबर घोळक्यांच्या मध्ये, तिथे सोंगटी ठेवली की काळ्यांच्या मर्मावरच बोट ठेवल्यासारखं वाटलं असतं. त्याने डब्यातून पांढरी सोंगटी उचलली आणि हात त्या जागेवर नेला. काकांची नजर पंख्यावरून खाली आली. मी त्यांच्याकडे बघत होते, म्हणून मला सगळं दिसलं. त्यांनी ओठ मिटले. गाल आत ओढले गेले. रोहितची सोंगटी पटाला टेकायला बोटाचं पेर उरलं होतं आणि त्या सगळ्या शांततेत काकांच्या तोंडून आवाज आला.

'च्च.'

रोहितचा हात तिथेच थांबला. त्याने वर पाहिलं, मग पटाकडे पाहिलं, आणि बहुधा आयुष्यात पहिल्यांदा, ओठ हलवत, एकेक श्वास मोजला. मग हात बाजूला नेऊन सोंगटी बाहेरच्या जागी ठेवली. पुढचं सगळं ठरलेलं होतं. दोघांनी एकाआड एक बाहेरच्या जागा भरल्या आणि शेवटी मधल्या एकुलत्या जागेवर रोहितची सोंगटी बसली, सर्वांत शेवटी, जशी बसायला हवी तशी. काकांचा काळा घोळका गेला. त्यांनी आपल्याच हाताने तो उचलून रोहितच्या डब्याच्या झाकणात ठेवला.

रोहितचे कान लाल झाले होते. 'काका, मी मध्येच ठेवणार होतो,' तो म्हणाला. 'हा डाव धरायला नको.'

'टेकवली होतीस का सोंगटी?'

'नाही, पण तुम्ही...'

'मग धरायचा. क्रम बरोबर होता तुझा,' काका म्हणाले. त्या दिवशी त्यांनी डाव पुन्हा मांडून दाखवला नाही.

मला आधी वाटलं होतं की दोन आठवडे पाळतील आणि विसरतील. काकांनी शब्द असा पाळला, की आम्हालाच त्याचा जाच होऊ लागला. ते यायचे, आपला डाव खेळायचे, समोरच्याला वाकून नमस्कार करायचे आणि मग खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन खाली रस्त्याकडे बघत बसायचे. चुकीची जागा भरताना सगळ्यांचे हात आपोआप जरा थबकायचे, वरून आवाज येतो का म्हणून. येत नव्हता. माणसं चुकत होती, हरत होती, आणि का हरलो हे कुणालाच कळत नव्हतं. ॲप फक्त आकडा दाखवायचं. रोहित एकदा न राहवून म्हणाला, 'काका, बास झालं आता. बोला तुम्ही.' काका म्हणाले, 'ठरलं ते ठरलं,' आणि पुन्हा रस्त्याकडे बघू लागले. मग त्यांचा एक रविवार गुडघ्यांमुळे चुकला, एक पाहुण्यांमुळे, आणि नंतर त्यांनी कारण कळवणंही सोडलं. खालून काकूंची हाकही येईनाशी झाली. जिन्यात भेटल्या तेव्हा त्या म्हणाल्या, 'काय केलंत गं तुम्ही त्यांना? घरात आता मला फ्रिजचा आवाज ऐकू येतो.'

परवा संध्याकाळी मी भाजी आणायला गेले. इंदिरानगरच्या रस्त्याकडेला आसपासच्या गावांतल्या बायका पोतं अंथरून भाजी घेऊन बसतात. त्यातल्या एकीपुढे काका स्कूटरला टेकून उभे होते आणि मेथीच्या जुड्या कुठल्या क्रमाने विकाव्यात ते तिला सांगत होते. मागच्या पुढे, पुढच्या मागे, ओल्या आधी. आवाज तोच, टूलरूमचा. 'लय झालं बाबा तुमचं,' ती म्हणाली. 'घेयाची तर घ्या, नाय तर पुढं व्हा.' काका हसले, आणखी काही सांगायला त्यांनी बोट वर केलं आणि तेवढ्यात त्यांना मी दिसले. ते गप्प झाले. वाक्य अर्धं होतं, बोट हवेत होतं, ते त्यांनी हळूच खाली घेतलं. शर्त रविवारच्या पटांपुरती होती. त्यांनी ती माझ्यापुरतीही धरली होती.

'काय झालं बाबा, बोला की,' ती बाई म्हणाली. 'आता कामून गप?'

मी टोमॅटो घेतले, बटाटे घेतले, मेथीची जुडी आणि एक दुधी घेतला. पिशवी उघडली आणि सगळ्यात आधी टोमॅटो तळाशी घातले. त्यावर मेथी दाबली. त्यावर बटाटे ओतले, आणि बटाट्यांवर दुधी आडवा ठेवला. हे सगळं मी फार सावकाश केलं. काका बघत होते. त्यांचे गाल आत ओढले गेले, पण तोंडातून काही आलं नाही. मग त्यांनी स्कूटर स्टँडवर लावली, पुढे आले, माझ्या हातातून पिशवी घेतली आणि गुडघ्यांचा कट्‌कन आवाज करत खाली बसले. सगळी भाजी त्या बाईच्या पोत्यावर काढली. आधी बटाटे. मग दुधी उभा, एका कडेला. मग मेथी, देठ खाली. टोमॅटो एकेक करून वर, दबलेला एक बाजूला काढून बाईला परत. पिशवी उचलून त्यांनी माझ्या हातात दिली.

मला अनोळखी लोकांसमोर बोलायला आवडत नाही. ओळखीच्यांसमोरही नाही. मी म्हणाले, 'काका, बटाटे आधी का?'

काकांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. बटाटे शर्तीत येतात की नाही, याचा ते हिशेब करत असावेत.

'वजन,' ते म्हणाले. हेल्मेट घातलं, स्कूटर चालू केली.

यावर पूर्वी ते पाऊण तास बोलले असते, आणि मी मनातल्या मनात त्यांना दोन भाषांत नावं ठेवत उभी राहिले असते. स्कूटर कोपऱ्यावर वळली. ती बाई दुसऱ्या गिऱ्हाइकाला मेथी देऊ लागली, पुढची जुडी आधी. मी पिशवी धरून तिथेच उभी राहिले, दुसरा प्रश्न शोधत.